शुश्रूषेची पारख कोणी करावी?

शिवणयंत्र किंवा पंखा विकत घेताना सामान्य गृहस्थ चार दुकाने हिंडतो, शेजाऱ्याचा अनुभव विचारतो, आणि वस्तू बिघडली तर दुकानदाराकडे परत नेतो. वृद्ध आईसाठी किंवा वडिलांसाठी शुश्रूषागृह निवडताना यांपैकी काहीच करता येत नाही. ही निवड बहुधा आयुष्यात एकदाच करावी लागते. तीही मांडीचे हाड मोडल्यावर किंवा अर्धांगवायूचा झटका आल्यावर, रुग्णालयाने खाट रिकामी करण्याचा तगादा लावलेला असताना, दोन-चार दिवसांत उरकावी लागते. महिन्याचे शुल्क किती, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. त्या शुल्काच्या बदल्यात कोणत्या प्रतीची शुश्रूषा मिळणार, हे मात्र कित्येकदा कधीच कळत नाही.

या अडचणीवर शासकीय उपाय शोधण्याचा दीर्घ प्रयोग अमेरिकेत झाला आहे. तेथे सुमारे १५ हजार शुश्रूषागृहे असून त्यांत सुमारे १२ लाख माणसे राहतात. डिसेंबर २००८ पासून तेथील संघीय शासन या प्रत्येक गृहाला हॉटेलांप्रमाणे एक ते पाच तारे देते आणि ही यादी जनतेसाठी खुली ठेवते. या प्रयोगात काय साधले, काय फसले आणि का फसले, याचा विचार महाराष्ट्रातील वाचकालाही उपयुक्त आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील जवळपास १० टक्के लोक साठीच्या पुढचे होते. त्यांचा वाटा वाढत जाणार आणि त्यांची देखभाल करणारी घरे लहान होत जाणार, हे उघड आहे.

बाजारपेठेची मर्यादा

ग्राहक राजा आहे आणि वाईट माल विकणारा आपोआप बाजारातून उठतो, या समजुतीला अर्थशास्त्रज्ञांनीच फार पूर्वी धक्का दिला. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावरील आपल्या निबंधात दाखवून दिले, की जेथे ग्राहकाला सेवेची गुणवत्ता ओळखता येत नाही तेथे बाजाराचे नेहमीचे नियम लंगडे पडतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन हाच विचार पुढे नेला. विक्रेत्याला मालाचा दोष ठाऊक आणि खरेदीदाराला अज्ञात असेल, तर खरेदीदार सरासरी किमतीपेक्षा अधिक देण्यास कचरतो. मग चांगला माल बाळगणाऱ्याला तो विकणे परवडत नाही आणि बाजारात वाईट माल साचत जातो. त्याच वर्षी अल्बर्ट हर्शमन यांनी असंतुष्ट ग्राहकापुढील दोन मार्गांची चिकित्सा केली. एक, सोडून जाणे. दुसरा, तक्रारीचा आवाज उठवणे.

शुश्रूषागृहातील वृद्धाला हे दोन्ही मार्ग जवळजवळ बंद असतात. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती आपल्याला काल जेवण मिळाले की नाही हे सांगू शकत नाही. सांगू शकणारी व्यक्ती ज्या हातांवर अवलंबून आहे त्याच हातांविरुद्ध तक्रार करण्यास धजत नाही. जागा बदलणे म्हणजे थकलेल्या देहाला आणि मनाला नवा आघात. शिवाय सेवा घेणारा एक, निवड करणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा, अशी स्थिती असते. अमेरिकेत शुश्रूषागृहात राहणाऱ्या दर दहा जणांपैकी सहांहून अधिकांचा खर्च मेडिकेड ही गरिबांसाठीची शासकीय योजना उचलते. दीर्घ शुश्रूषेच्या खर्चाने आयुष्याची पुंजी संपल्यावर कालचा मध्यमवर्गीयही याच योजनेच्या आश्रयाला येतो. अशा वेळी गुणवत्ता वाढवून अधिक शुल्क मिळवण्याची सोय चालकाला राहत नाही. खर्च कमी करून नफा वाढवण्याची सोय तेवढी राहते. आणि शुश्रूषागृहाचा मुख्य खर्च म्हणजे माणसांचे पगार.

कायदा झाला कसा

मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना १९६५ मध्ये आल्या. सार्वजनिक पैशाचा ओघ सुरू होताच खाजगी शुश्रूषागृहांची संख्या झपाट्याने वाढली आणि तिच्या मागोमाग अनास्थेच्या व लुबाडणुकीच्या कहाण्याही आल्या. मेरी अ‍ॅडलेड मेंडेलसन यांचे १९७४ मधील आणि ब्रूस व्लाडेक यांचे १९८० मधील पुस्तक या व्यवसायाच्या उघड्या पडलेल्या दोषांविषयीच होते. १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने सविस्तर अहवाल दिला आणि १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने शुश्रूषागृह सुधारणेचा कायदा संमत केला.

या कायद्यामागील विचार समजण्यासाठी आवेदिस डोनाबेडियन यांचे वर्गीकरण ध्यानात घ्यावे लागते. वैद्यकीय सेवेची गुणवत्ता तीन ठिकाणी पाहता येते, असे त्यांनी १९६६ मध्ये मांडले. पहिली रचना, म्हणजे इमारत, साधने, कर्मचारी. दुसरी प्रक्रिया, म्हणजे प्रत्यक्षात रुग्णासाठी काय केले जाते. तिसरे फलित, म्हणजे रुग्णाचे शेवटी काय होते. तोवर निरीक्षकांचा सारा भर रचनेवर होता. दाराची रुंदी, आग विझवण्याची साधने, स्वयंपाकघरातील फरशी यांची नोंद होई. त्या दारापलीकडे खाटेवर पडलेल्या म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या आहेत काय, हे पाहण्याची सक्ती नव्हती.

१९८७ च्या कायद्याने दृष्टी खाटेकडे वळवली. प्रत्येक निवाशाच्या शारीरिक व मानसिक अवस्थेची ठराविक नमुन्यात वेळोवेळी नोंद करणे बंधनकारक झाले. मदतनीसांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आवश्यक ठरले. पाहणी पूर्वसूचनेविना व्हावी, दोन पाहण्यांत १५ महिन्यांहून अधिक अंतर नसावे आणि पाहणीची बातमी आधी फोडणाऱ्यास दंड व्हावा, अशी तरतूद झाली. शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणालाही बांधून ठेवू नये आणि औषधाने गुंगवून ठेवू नये, हा निवाशाचा हक्क म्हणून लिहिला गेला. वृद्धांना खुर्चीला वा खाटेला पट्ट्यांनी बांधणे ही ऐंशीच्या दशकात नित्याची गोष्ट होती. पुढील दोन दशकांत हे प्रमाण घसरत सुमारे ५ टक्क्यांवर आले. कायद्याने माणसाचे दैनंदिन जिणे सुसह्य झाल्याचे एवढे स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

तारे आणि त्यांची झळाळी

२००८ ची तारांकन पद्धती या नोंदींच्या पायावर उभी राहिली. तिचे तीन घटक आहेत: निरीक्षकांच्या पाहणीचा निष्कर्ष, कर्मचाऱ्यांची संख्या, आणि निवाशांच्या प्रकृतीविषयीचे निर्देशांक. पाहणीचे तारे त्या त्या राज्यातील इतर गृहांशी तुलना करून ठरतात. वरच्या १० टक्के गृहांना पाच, तळच्या २० टक्के गृहांना एक, आणि उरलेल्यांना दोन ते चार. म्हणजे एखाद्या राज्यातील सर्वच गृहे सुमार असली तरी त्यांतील वरच्या दहांशाला पाहणीचे पाच तारे मिळणारच. वर्गात पहिला आला म्हणजे विषय आला असे नव्हे, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

यापेक्षा मोठा दोष उरलेल्या दोन घटकांत होता. कर्मचारी किती आणि निवाशांची प्रकृती कशी, ही माहिती प्रारंभी खुद्द शुश्रूषागृहेच पुरवीत. विद्यार्थ्याने आपली उत्तरपत्रिका आपणच तपासावी, असा हा प्रकार झाला. न्यूयॉर्क टाइम्सने २०१४ मध्ये ही विसंगती चव्हाट्यावर आणली. पुढच्या वर्षी शासनाने निकष कडक केले. २०१६ पासून कर्मचाऱ्यांची माहिती पगारपत्रकाच्या आधारे देण्याची सक्ती झाली आणि २०१८ पासून तारे तिच्यावरून ठरू लागले. तेव्हा निघालेला निष्कर्ष बोलका होता. दर दहांपैकी सात गृहांत पूर्वी सांगितल्यापेक्षा कमी माणसे कामावर असल्याचे दिसले आणि सरासरी घट १२ टक्क्यांची होती. शनिवार-रविवारी तर ही संख्या आणखी खाली जात असे.

औषधांची कथा याहून गंभीर आहे. बांधून ठेवण्यावर बंदी आल्यावर गोंधळ घालणाऱ्या स्मृतिभ्रष्ट वृद्धाला शांत करण्याचा दुसरा उपाय हाताशी होता. तो म्हणजे मनोविकारांवरील तीव्र औषधे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. २०१२ पासून शासनाने त्यांचा वापर घटवण्याची मोहीम हाती घेतली, आणि पुढे या औषधांचे प्रमाण तारांकनातही धरले जाऊ लागले. आकडे उतरू लागले. परंतु ज्यांना स्किझोफ्रेनियाचे निदान झाले आहे त्यांना या गणनेतून वगळण्याची मुभा होती, कारण त्यांना ही औषधे खरोखरच लागतात. मग शुश्रूषागृहांत या विकाराचे रुग्ण वाढू लागले. हा विकार बहुधा तारुण्यात, चाळिशीच्या आत प्रकट होतो. सत्तरी-ऐंशीत तो नव्याने आढळणे दुर्मिळ. २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या वाढीचा पाठपुरावा केला, २०२२ मध्ये संघीय महानिरीक्षकांच्या कार्यालयाने तिच्यावर बोट ठेवले आणि २०२३ मध्ये शासनाला या निदानांची तपासणी जाहीर करावी लागली. म्हणजे काही ठिकाणी रुग्णाचे औषध तेच राहिले होते. बदलली होती ती त्याच्या कागदावरील व्याधी.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी एक निरीक्षण नोंदवले होते. एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब दिला की त्या आकड्याचा वस्तुस्थितीशी असलेला संबंध तुटू लागतो, असा त्याचा आशय. बँकांच्या ठेवींबाबत जे खरे ठरले तेच शय्याव्रणांबाबत, पडण्याच्या घटनांबाबत आणि औषधांबाबतही खरे ठरले. २०२० च्या आरंभी कोरोनाचा पहिला मोठा उद्रेक वॉशिंग्टन राज्यात कर्कलंड येथील ज्या शुश्रूषागृहात झाला, त्याच्या नावापुढेही पाच तारे होते. त्या साथीत अमेरिकेतील शुश्रूषागृहांत दीड लाखांहून अधिक निवासी मृत्युमुखी पडले.

खोटा बोलू न शकणारा आकडा

म्हणून मोजमापच सोडून द्यावे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. अमेरिकेच्या अनुभवातून एक भेद स्पष्ट होतो. जो आकडा चालकाने स्वतः लिहावयाचा, तो चालकाच्या सोयीने वळतो. जो आकडा अन्य कारणासाठी आधीच नोंदला गेलेला असतो, तो वाकवणे कठीण असते. पगारपत्रक हे त्याचे उत्तम उदाहरण. न दिलेला पगार दिला म्हणून दाखवणे म्हणजे कर, विमा, लेखापरीक्षण अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी खोटे बोलणे. याच कारणाने २०२२ पासून शनिवार-रविवारची उपस्थिती आणि वर्षभरात किती कर्मचारी नोकरी सोडून गेले याचे प्रमाणही तारांकनात धरले जाऊ लागले. दर दोन महिन्यांनी मदतनीस बदलत असेल, तर आजोबांना डाव्या कुशीवर झोपवले की वेदना होतात हे कोणाच्या ध्यानात राहणार?

कर्मचारी किती असावेत, याचे उत्तर साध्या गणिताने तपासता येते. २००१ मध्ये अमेरिकी शासनानेच करविलेल्या अभ्यासात दर निवाशामागे दिवसाला सुमारे ४.१ तासांची शुश्रूषा आवश्यक असल्याचे म्हटले होते. २०२४ मध्ये शासनाने किमान ३.४८ तासांचा नियम केला. त्यात मदतनीसांचे २.४५ तास होते. शंभर निवाशांच्या गृहात हे २४५ तास झाले, म्हणजे आठ तासांच्या सुमारे ३१ पाळ्या. तीन पाळ्यांत समान वाटले तर एका वेळी दहा मदतनीस, आणि एका मदतनीसाकडे दहा निवासी. प्रत्येकाच्या वाट्याला एका पाळीत ४८ मिनिटे. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, तर पाच मिनिटांच्या हिशेबाने त्यातच वीस मिनिटे गेली. गिळण्याचा त्रास असलेल्याला घास भरवण्यास अर्धा तास लागतो. हिशेब येथेच ओलांडला. स्नान, शौच आणि कपडे अजून बाकी आहेत. म्हणजे हा नियम काही चैनीचा नव्हता. तरीही चालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. एवढी माणसे मिळत नाहीत आणि परवडत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने नियम रद्द ठरवला आणि त्याच वर्षी काँग्रेसने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत पुढे ढकलली.

मालकी कोणाची, हा प्रश्नही गौण नाही. खाजगी गुंतवणूक संस्थांनी विकत घेतलेल्या शुश्रूषागृहांविषयी अतुल गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तेथे अल्पकालीन उपचारासाठी आलेल्या मेडिकेअर रुग्णांच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी वाढल्याचे आणि परिचर्येसाठीची माणसे कमी झाल्याचे आढळले.

आपल्याकडे काय आहे

महाराष्ट्रात 'शुश्रूषागृह' या शब्दाला कायद्याने निराळा अर्थ दिला आहे. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम प्रामुख्याने खाजगी रुग्णालयांना व प्रसूतिगृहांना लागू होतो. त्याखालील १९७३ च्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे सक्तीचे झाले. वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा स्वतंत्र विचार त्यात नाही. दुसऱ्या बाजूला वृद्धाश्रम आहेत. १९९५ नंतर राज्यात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा असे सुचवले, पण ते राज्यांच्या इच्छेवर सोडले. वृद्ध निवासांची नोंदणी आणि किमान मानके ठरवणारे सुधारणा विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत न होताच २०२४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर निकालात निघाले.

या दोन कायद्यांच्या फटीत शहरोशहरी बंगल्यांतून आणि सदनिकांतून चालणारी गृहे उभी राहिली आहेत. तेथे अर्धांगवायू झालेले, स्मृती गेलेले, नळीने अन्न घेणारे वृद्ध ठेवले जातात. काही चालक सेवाभावी आहेत, काही निव्वळ व्यापारी. बाहेरून दोघांची पाटी सारखीच दिसते. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय हिशेब पाहते. वृद्धाच्या पाठीवरील जखम पाहणे हे त्याचे काम नव्हे. मुलगा अमेरिकेत असेल तर तो आपल्या शेजारच्या गावातील शुश्रूषागृहाची पाहणी, तिचे दोष आणि रविवारची हजेरी घरबसल्या वाचू शकतो. पुण्यात किंवा नाशकात ठेवलेल्या स्वतःच्या आईच्या गृहाविषयी मात्र त्याला चालकाच्या आवाजावर विश्वास ठेवावा लागतो.

यावर आक्षेप येईल, की आपल्याकडे नियम म्हणजे निरीक्षकाचा हप्ता. मानके कडक केली तर प्रामाणिक छोटी गृहे बंद पडतील आणि वृद्ध रस्त्यावर येतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इमारतीच्या, खोल्यांच्या, पाट्यांच्या लांबलचक अटी घातल्या तर तसेच होईल. म्हणूनच प्रारंभ थोड्या, पडताळता येणाऱ्या आणि जाहीर करावयाच्या गोष्टींनी व्हावा. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येक गृहाची नोंदणी व्हावी. निवासी किती आणि प्रत्येक पाळीला कर्मचारी किती, हे हजेरीपटावरून आणि जेथे भविष्य निर्वाह निधी लागू आहे तेथे त्याच्या चलनावरून दर महिन्याला जाहीर व्हावे. वर्षातून एकदा पूर्वसूचनेविना पाहणी व्हावी आणि तिचा अहवाल, तारे न देता, साध्या मराठीत जसाच्या तसा उपलब्ध व्हावा. अहवाल लोकांसमोर असला की निरीक्षकालाही तो वाटेल तसा लिहिणे जड जाते. परवाना रद्द करण्याचे हत्यार अखेरचे असावे.

या सर्वांच्या मुळाशी मदतनीस मावशींच्या वेतनाचा प्रश्न आहे. ज्या बाईला बारा-बारा तासांची पाळी करून घर चालवता येत नाही, ती दुसरे काम मिळताच निघून जाणार. तिच्या जागी आलेल्या नव्या बाईला कोणी काही शिकवलेले नसते. उत्तम शुश्रूषा स्वस्तात मिळावी ही मध्यमवर्गाची अपेक्षा आणि मावशीला योग्य वेतन मिळावे ही त्याचीच न्यायबुद्धी, या दोहोंचा मेळ घालायचा तर समाजाला काही भार सामायिकपणे उचलावा लागेल. निराधारांसाठी तर त्याला पर्यायच नाही.

कुटुंबाने काय पाहावे

कायदा होईपर्यंत कुटुंबांना डोळे उघडे ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. चालकाने दिलेल्या वेळी, त्याच्या कचेरीत बसून गृहाची पारख होत नाही. रविवारी सायंकाळी किंवा जेवणाच्या वेळी जावे. सकाळी अकरा वाजता किती निवासी अजून अंथरुणातच आहेत, पाण्याचा पेला हात पोचेल अशा ठिकाणी आहे काय, हाक मारल्यावर किती वेळाने कोणी येते, नखे कापलेली आहेत काय, टाचा आणि कंबरेखालचा भाग कोरडा व जखमांविना आहे काय, हे पाहावे. गेल्या वर्षी असलेल्यांपैकी किती मावशी आजही आहेत, रात्री किती माणसे असतात, ही औषधे कोणत्या वैद्याने आणि कशासाठी दिली, हे विचारावे. निवडीनंतरही अधूनमधून अवेळी जात राहावे. ज्याच्याकडे कोणी येते त्याच्याकडे कर्मचाऱ्यांचेही लक्ष अधिक राहते, हा मनुष्यस्वभाव आहे.

परंतु ज्यांच्याकडे कोणीच येत नाही अशी माणसे या गृहांत थोडीथोडकी नाहीत. मुले परदेशी, जोडीदार गेलेला, नातलग विखुरलेले, किंवा मुळातच कोणी नसलेले. त्यांच्या वतीने रविवारी सायंकाळी दार ठोठावण्याचे काम शासनानेच केले पाहिजे. १९८७ च्या अमेरिकी कायद्याने त्यातील तंटे संपले नाहीत. परंतु खाटेला बांधलेले असंख्य हात त्याने सोडवले. महाराष्ट्रात तसे किती हात आज बांधलेले आहेत, हे मोजण्याची व्यवस्था उभारणे हे विधिमंडळाच्या आवाक्यातील काम आहे आणि ते लांबणीवर टाकण्यासारखे नाही.